आल्या वाटेनं माघारी

सोमवार, ६ जानेवारी २०२५

पोचलो एकदाचा! मलकापूरला गाडीतून उतरलो तेव्हा थंडी अशी होती की चहाचा ग्लास हातातून सोडवेना. मग एसटी, मग काळीपिवळी, आणि शेवटचे दोन किलोमीटर एका दूधवाल्याच्या मोटारसायकलवर, मांडीवर चुन्याची पिशवी आणि गळ्यात मोजपट्टी. धामणदरी हे गाव नकाशात सापडायला मला पुण्यात अर्धा तास लागला होता, गावाला मात्र माझी खबर आधीच होती. वेशीवर एकानं थांबवून विचारलं, "ते गोल वाटवाले साहेब तुमीच काय?" म्हटलं, हो, मीच तो.

काम झकास आहे. दिवसभर जंगलात पायी हिंडायला येणाऱ्या लोकांसाठी सात किलोमीटरची गोल वाट तयार करायची. नाव 'झिरा फेरी'. एका फाटकानं आत शिरायचं, झिऱ्यावरून चढत टेकडीवर जायचं आणि दुसऱ्या फाटकानं खाली उतरायचं, थेट गाड्यांपाशी. दोन फाटकांत अंतर दोनशे पावलांचं. दर अर्ध्या किलोमीटरला आकडा रंगवलेला खांब, एकूण चौदा. सव्वीस जानेवारीला उद्घाटन. आमच्या संस्थेनं छापलेल्या पत्रकावर पाइन आणि ओकचं हिरवंगार जंगल आहे. कोणी कुठून उचललं देव जाणे. इथे साग, सालई, धावडा आणि अंजन. सागाची वाळकी पानं पायाखाली पापडासारखी मोडतात. मला हेच जास्त आवडलं.

राहायला फाटकावरच्या राखणदाराच्या, कडूबांच्या घरातली पुढची खोली मिळाली. त्यांच्या बायको रुक्मिणीबाई. त्यांनी आल्या आल्या भाकरी, ओल्या तुरीच्या सोल्यांची भाजी आणि असा ठेचा वाढला की पुण्याची लाज राखताना डोळ्यांत पाणी आलं.

ही वही खरं तर मोजमापांसाठी. पुठ्ठ्यावर भार्गवीनं पोपटाचा स्टिकर चिकटवलाय, म्हणजे बाबाची वही कोणी पळवणार नाही. पाच वर्षांची आहे, आकडे आता कुठे जमायला लागलेत. तिला मी शब्द दिलाय की फेरीवर चालणारी पहिली मुलगी तीच. प्रत्येक खांबाला हात लावायचा आणि मोठ्यानं आकडा म्हणायचा. ती आणि श्रद्धा पंचवीसला येणार. गेलं वर्षभर मी घरी पाहुण्यासारखा होतो. श्रद्धा बोलून दाखवत नाही, पण मला कळतं. बाकीचे सगळे शब्द मोडले, हा मोडायचा नाही.

बुधवार, ८ जानेवारी

काल आणि आज झिऱ्याच्या वाटेनं आत जाऊन मोजणी केली. खांब एक ते पाच उभे झाले. पाचव्यापाशी खडकातून पाणी झिरपतं, बारा महिने, तिथे बाक टाकला. बसलो की उठवत नाही.

फाटकाशी शेंदूर लावलेला एक दगड आहे, वाघदेवाचा. आत जाणारा प्रत्येक माणूस हाताला येईल ती डहाळी तोडून त्यावर ठेवतो. परत येताना आपली डहाळी उचलायची आणि मागे न बघता खांद्यावरून टाकायची. कडूबांनी मलाही ठेवायला लावली. मी वाकून, हात जोडून, नाटकातल्यासारखी ठेवली. ते हसले नाहीत.

दुसरं असं की हे लोक ज्या वाटेनं आत जातात त्याच वाटेनं परततात. सरपणाचा भारा डोक्यावर असो, समोर घराचं छप्पर दिसत असो, आडवं उतरून यायचं नाही म्हणजे नाही. मी कारण विचारलं. कडूबा म्हणाले, "जायच्या पावलाले यायचं पाऊल भेटलं पायजे साहेब. नाई तं वाट उघडी राह्यते." म्हटलं, उघडी राहिली तर बिघडलं काय? त्यावर त्यांनी तंबाखू मळायला घेतली.

शनिवार, ११ जानेवारी

जोडवाट झाली. झिऱ्याची वाट आणि टेकडीची वाट या जुन्या, गावच्या. मधला तुकडा, सहा ते आठ नंबरचा, कधी नव्हताच. तो खोदायला गावातलं एक माणूस आलं नाही. दुप्पट रोज देऊ केला तरी नाही. शेवटी घाटाखालून मजूर आणले. तेही काम संपल्यावर टेकडीनं न उतरता आले तसेच झिऱ्यानं परत गेले. त्यांना कोणीतरी सांगितलं असणार, आणि कोणी ते मला पक्कं ठाऊक आहे.

कडूबांना ही फेरी नको आहे. उघड आहे. पर्यटक आले की शेळ्या बंद, मोहाची फुलं बंद, आणि दिवसभर फाटकाशी बसून विडी ओढणंही बंद. राग नाही मला, त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं.

सोमवार, १३ जानेवारी

आज पहिली पूर्ण फेरी! नऊला झिऱ्यानं आत, साडेअकराला टेकडीच्या फाटकानं बाहेर. नवव्या खांबावरून खालचं सगळं दिसतं: डांबरी रस्ता, गाव, कडूबांच्या घराचे पत्रे, हरभऱ्याचे तुकडे. भार्गवीला तिथे खांद्यावर बसवायचं.

एक गंमत. फाटकावर आत जाणाऱ्यांची नोंदवही असते, ती कडूबा लिहितात. दुपारी सहज चाळली. माझ्या नावापुढे, गेले: नऊ. आले: एक वाजून दहा. एक दहाला मी गाड्यांच्या जागेवर फलकाचे खिळे ठोकत होतो. विचारलं तर म्हणाले, तुम्हीच झिऱ्याच्या वाटेनं आलात, डहाळी उचललीत, सही केलीत. सही बघितली. माझीच वाटते. शेवटचा फराटा जरा जास्त नीटनेटका आहे इतकंच.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. फेरी केली, मग दोन वाजेपर्यंत टेकडीच्या फाटकाशी रंगकाम. भुकेनं कासावीस होऊन घरी आलो तर चूल विझलेली. रुक्मिणीबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "आता माय! मंघाशीच तं जेवून गेले ना तुमी. तीयगूळबी देल्ला हातावर." मी म्हटलं, मी आत्ता येतोय. त्या चाचरल्या, आत गेल्या, आणि नवरा-बायकोचं दबक्या आवाजात काहीतरी चाललं. मग भाकरी आली, पण वाढताना हात लांबून.

आता हे दोघं मिळून मला बनवताहेत. नवा साहेब, पुण्याचा, भित्रा असणार. दोन दिवस घाबरवा, पळून जाईल. मी पळणाऱ्यातला नाही म्हणावं.

गुरुवार, १६ जानेवारी

आज डहाळी ठेवली नाही. मुद्दाम. दहा पावलं गेल्यावर वळून पाहिलं तर कडूबा स्वतःच एक पळसाची डहाळी तोडून दगडावर ठेवत होते. कोणाची, विचारलं. म्हणाले, तुमच्या नावाची. माझ्या नावानं तुम्ही का म्हणून? ते दगडाला हात जोडून आपल्या जागी जाऊन बसले.

मग मीही डाव टाकला. पहिल्या खांबापुढे गेल्यावर वाटेवर आडवा चुना भुरभुरला, चांगला दोन हात रुंद पट्टा. फेरी पुरी करून टेकडीनं उतरलो. कडूबा जेवायला घरी गेल्यावर, तीनच्या सुमाराला जाऊन बघितलं.

चुन्यात बुटांचे ठसे होते. फक्त बाहेर येणारे. डाव्या टाचेला आडवी चीर. माझ्या डाव्या टाचेला अशीच चीर आहे, सिंहगडावर काच लागली होती. बूट सकाळपासून माझ्या पायात होते.

कडूबांनी कुठून तरी तसले बूट मिळवले असतील. टाचेवर सुरीनं चीर मारायला काय लागतं? पण त्यांचा पाय माझ्याहून दोन बोटं लहान आहे. मी मोजला, ओट्यावर त्यांच्या ओल्या पावलावरून. इतका उद्योग मला कधी करावा लागेल असं वाटलं नव्हतं.

शनिवार, १८ जानेवारी

श्रद्धाचा फोन. आवाजात इतका गोडवा की मीच गोंधळलो. म्हणाली, काल दुपारी किती छान बोललास. किती महिन्यांनी असा निवांत बोललास. भार्गवीला ती डहाळीची गोष्ट फार आवडली, कालपासून कुंडीतली पानं तोडून देवापुढे ठेवतेय.

काल दुपारी मी फोन केला नव्हता. मी बाराव्या खांबाचा खड्डा भरत होतो.

कुठल्या नंबरावरून आला, विचारलं. तुझ्या त्या रुक्मिणीबाईंच्या, तूच म्हणालास तुझ्या फोनची बॅटरी गेली म्हणून. मी हो म्हटलं. का म्हटलं कळत नाही. ती इतकी खुशीत होती. खरं सांगायचं तर मला भीती नंतर वाटली, आधी वाटला तो मत्सर.

रुक्मिणीबाईंना जाब विचारला. म्हणाल्या, तुम्हीच मागितला, पोरीसंगं बोलताना तुमच्या डोळ्यांत पाणी होतं. खोटं बोलणारी बाई इतकं बारीक कशाला सांगेल?

सोमवार, २० जानेवारी

आज सोक्षमोक्ष लावला. फेरी करून साडेअकराला उतरलो आणि टेकडीच्या फाटकाशी पळसाआड बसून राहिलो. तिथून कडूबांचं फाटक सरळ दिसतं.

एक वाजला. एक दहा.

झिऱ्याच्या वाटेनं एक माणूस आला. निळी टोपी, माझ्यासारखीच. गळ्यात मोजपट्टी. दगडाशी वाकला, डहाळी उचलली, खांद्यावरून मागे टाकली. कडूबांनी उठून त्याला तांब्या दिला. नोंदवहीत सही करताना त्यानं पेन्सिलीच्या टोकानं कान खाजवला. मी विचारात असलो की असं करतो, श्रद्धा त्यावरून चिडवते. मला ते करताना कसं दिसतं ते आज पहिल्यांदा कळलं.

तो गावाकडे गेला. मी अंधार पडेपर्यंत पळसाआडच बसून होतो.

मंगळवार, २१ जानेवारी

कडूबांना गाठलं. गळा धरायचा बाकी होता. मग त्यांनी सांगितलं, जमिनीकडे बघत.

त्यांचा धाकटा भाऊ, भाऊराव. तीस वर्षांपूर्वी बाजाराची घाई म्हणून झिऱ्यानं आत गेला आणि रान तुडवत टेकडीनं उतरला. दुपारी घरी आला. संध्याकाळी पुन्हा घरी आला, झिऱ्याच्या वाटेनं, डहाळी उचलून. दोघं दारात समोरासमोर. आईनं एकच विचारलं, डहाळी कोणी उचलली? ज्यानं उचलली त्याला घरात घेतलं. दुसऱ्याला दार लावलं. तो रडत जंगलात गेला. घरात राहिलेला भाऊराव आता जानेफळला असतो, बायको, तीन पोरं, भला माणूस आहे.

पण खरा कोण होता, मी विचारलं. कडूबा म्हणाले, "आमाले काय ठाऊक साहेब? जाच्या हातात डहाळी, तो आला. जो आला तो आपला." मग म्हणाले, मी तुमची डहाळी ठेवत होतो ती तुम्ही मागं फिरून उचलाल म्हणून. तुम्ही कधी उचललीच नाही. त्यानं पाचही वेळा उचलली.

पळून जावं असं वाटलं. पण शनिवारी श्रद्धा आणि भार्गवी येताहेत, याच घरी. पुण्याला गेलो तर त्या कोणाच्या हाती लागतील? ठरवलं: त्यांना येऊच नका म्हणून सांगायचं. फोन करायला खोलीत गेलो तर फोन जाग्यावर नाही.

बुधवार, २२ जानेवारी

सकाळी फाट्यावर गेलो, कोणाचा तरी फोन मागायला. तीन जीपा गेल्या, एकीनंही वेग कमी केला नाही. पानटपरीवाल्याला दोनदा हाक मारली. तो माझ्यामागच्या रस्त्याकडे बघत होता.

परत आलो तर खोलीचं दार आतून बंद. आत मी बोलत होतो. म्हणजे आवाज माझा. भार्गवीला चौदापर्यंत आकडे म्हणून दाखवायला सांगत होता, ती चुकली की हसत होता. ती चुकली की मी रागावतो.

दार बडवलं. रुक्मिणीबाई अंगणात भांडी घासत राहिल्या. कडूबा आडवे आले. त्यांना मी दिसत होतो, पण नजर देत नव्हते. हात जोडून म्हणाले, "आता तुमी रानात जा साहेब. डहाळी त्यायनं उचलली." म्हणताना ते रडत होते, एवढं खरं.

गुरुवार, २३ जानेवारी

एकच उपाय दिसतो. माझी डहाळी मी ठेवायची. झिऱ्यापर्यंत जायचं, तिथूनच वळायचं, आल्या वाटेनं परत, आणि त्याच्या आधी उचलायची. पहाटे कडूबा यायच्या आत ठेवली. धावड्याची, ओळखू यावी म्हणून टोकाला गाठ मारली.

पाचव्या खांबाला हात लावून वळलो. चार. तीन. दोन. एक. आता वळण, मग दगड, मग फाटक.

वळणापुढे खांब होता. चौदा.

मी रंगवलेला. चौदातल्या चारवर रंगाचा ओघळ आहे, तोही तसाच.

पुन्हा उलटा. एक, दोन, तीन — सगळं फिरून — तेरा, चौदा, एक. मध्ये काहीच नाही. ना फाटक, ना दगड, ना ते दोनशे पावलांचं मैदान. सागाची पानं फक्त.

मी वाट गोल केली. पुरती गोल.

शनिवार, २५ जानेवारी

भूक लागत नाही. तहानही नाही. वाईट हे आहे की सवय होतेय.

वाटेवर मी एकटा नाही. पुढे कोणीतरी चालत असतो, धोतर, डोक्यावर बाजाराची रिकामी पिशवी. हाक मारली की थांबतो. तोंड फिरवत नाही. भाऊराव म्हटलं तेव्हा खांदे हलले त्याचे.

नवव्या खांबावर आलो. खालचं सगळं दिसतं. काळीपिवळी थांबली. श्रद्धा उतरली, मग भार्गवी. घरातून तो धावत आला. तिला उचललं, खांद्यावर बसवलं.

ओरडलो. घशातून रक्त येईल इतका.

भार्गवीनं टेकडीकडे पाहिलं. हात हलवला — मला? की नुसताच —

रविवार, २६ जानेवारी

लाऊडस्पीकरवर देशभक्तीची गाणी. मग टाळ्या. फीत कापली वाटतं.

पाचव्याच्या बाकावर बसलोय. त्यांना इथूनच जावं लागेल.

लोक येताहेत. एकानं माझ्या मांडीवर पिशवी ठेवली, बुटाची नाडी बांधली, पिशवी उचलून गेला.

भार्गवीनं दगडावर डहाळी ठेवली असेल. हौसेनं. मग टेकडीनं उतरेल, डहाळी तशीच दगडावर. मागची वाट उघडी. आणि दुपारी एक दहाला झिऱ्यानं कोण येईल तिची डहाळी उचलायला — आणि ती मग इथे — पाच वर्षांची —

नाही.

"तीन!" — तिचाच आवाज.

बोललेलं त्यांना ऐकू जात नाही. पण वही वही आहे. वही आधी माझी होती, आत आणली ती मीच. दिसेल. दिसली पाहिजे.

"चार!"

आली. पिवळा फ्रॉक. त्याचं बोट धरून. श्रद्धा मागे, हसतेय. किती दिवसांनी —

श्रद्धा, ही वही वाच. मी चिन्मय. इथून पुढे जाऊ नकोस. सहाच्या पुढे तर मुळीच नाही. भार्गवीला कडेवर घे आणि आल्या वाटेनं मागे फिर. तिची डहाळी तिला स्वतःच्या हातानं उचलू दे. माझं राहू दे. मला परत मागू नकोस. फक्त तिला —

"पाच!" हात लावला खांबाला. थांबली. पोपट दिसला तिला. बोट सोडवतेय. बाबाची वही, म्हणतेय. ये बाळा. इकडे ये. ये, तूच घे, त्याच्या आधी तूच — तो हसतोय, वाकतोय, तिच्या डोक्यावरून वहीकडे हात पुढे —